खरी जीप कोणती? सातपूर-त्र्यंबक रस्त्यावरचा एक वाद आणि त्यामागचा इतिहास

१/
पावसाळा लागला की नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे आणि तिथून पुढे पहिने किंवा जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दोन तऱ्हेच्या गाड्या दिसू लागतात. काही नव्या कोऱ्या थार असतात, तर काही कॅनव्हासचा हूड चढवलेल्या, आजोबांच्या वयाच्या महिंद्रा जीप. चहाच्या टपरीशी दोन्हींचे मालक एकत्र आले की वाद ठरलेला: यातली खरी जीप कोणती?

२/
जुन्या गाडीचा मालक म्हणतो, जिच्यात काचा वरखाली करायला बटण आहे ती जीपच नव्हे. नव्या गाडीचा मालक म्हणतो, घाटात ज्या गाडीचा ब्रेक लागेल की नाही याची शाश्वती नाही, तिचे कौतुक घरी झाकून ठेवावे. मग चर्चा बॉनेटच्या उंचीवर, पुढच्या जाळीतल्या फटींवर आणि इंजिनाच्या क्रमांकावर येते. वाद गमतीचा वाटला तरी त्याच्या तळाशी इतिहासाचा एक गंभीर प्रश्न आहे. एखाद्या वस्तूचे ‘मूळ रूप’ कोणते मानायचे, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा? हा थ्रेड त्याविषयी.

३/
प्रारंभीच एक अडचण आहे. जीपला एक जनक नाही. १९४० साली अमेरिकन लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा मागवल्या, तेव्हा पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीने दिला. कार्ल प्रॉब्स्टने त्याचा आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या तळावर हजर झाली. मोठे कंत्राट मात्र विलीज-ओव्हरलँडकडे गेले, कारण त्यांचे इंजिन अधिक ताकदवान होते. विलीज एकटी पुरी पडेना, म्हणून फोर्डलाही तीच गाडी बनवण्यास सांगितले गेले. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या.

४/
ज्या उभ्या फटींच्या जाळीला आज जीपची ओळख मानतात, ती विलीजची नव्हेच. विलीजच्या आरंभीच्या गाड्यांना लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. फोर्डने एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली नऊ फटींची स्वस्त जाळी आणली आणि विलीजने ती उचलली. युद्धानंतर नागरी वापरासाठी आलेल्या सीजे-२ए या गाडीत त्या नवाच्या सात झाल्या. म्हणजे ‘मूळ’ जीपचा आराखडा एकाचा, इंजिन दुसऱ्याचे आणि चेहरा तिसऱ्याचा.

५/
भारतातला धागा सुरू होतो १९४५ साली. जे. सी. महिंद्रा आणि के. सी. महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्यासह पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले. ते त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे १९५१ ते १९५५ या काळात गव्हर्नर-जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. छापलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून ‘एम अँड एम’ ही अक्षरे टिकवली, असे सांगतात.

६/
युद्धकाळात के. सी. महिंद्रा सरकारी कामानिमित्त अमेरिकेत होते आणि तिथे त्यांना जीपची उपयुक्तता दिसली. चाळिशीच्या दशकाअखेर मुंबईत माझगावला विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडण्याचे काम सुरू झाले. त्याआधी या देशात जीप नव्हत्या असे नाही. दोस्त सैन्याने ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आणलेल्या कित्येक गाड्या युद्धानंतर लिलावात निघाल्या. ‘डिस्पोजलची जीप’ हा शब्दप्रयोग त्या काळाची खूण आहे. गंमत अशी की, आज जाणकार ज्या ‘लो बॉनेट’ जीपसाठी जीव टाकतात, त्यांतल्या अनेकींचा भारतातला जन्म भंगाराच्या यादीत झाला.

७/
पन्नाशीच्या दशकात सीजे-३बी हे रूप आले. नव्या इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेटही उंच झाले. हीच शौकिनांची ‘हाय बॉनेट’. अमेरिकेत या गाडीचे उत्पादन १९६८ साली संपले. महिंद्राने मात्र त्याच घराण्याच्या गाड्या पुढे अनेक दशके बनवल्या. त्याच काळात अमेरिकेत जीप हे नाव हातोहात फिरत राहिले: १९५३ साली कैसर, १९७० साली अमेरिकन मोटर्स, १९८७ साली क्रायस्लर, पुढे डाइमलर, फियाट आणि २०२१ पासून स्टेलँटिस. नाव एका देशात विकले जात होते आणि गाडीचा सांगाडा दुसऱ्या देशात चालत होता.

८/
ग्रामीण महाराष्ट्रात जीप आली ती सरकार बनून. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गटविकास अधिकारी, तहसीलदार, पोलीस, वनखाते यांच्या जीप डांबर नसलेल्या रस्त्यांवर धुरळा उडवू लागल्या. गावाच्या वेशीवर जीप दिसली की काहीतरी वसुली, चौकशी, लसीकरण नाहीतर निवडणूक आली, हे पोरेसोरेही ओळखत. १९६५ च्या युद्धात अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने पॅटन रणगाडे उद्ध्वस्त केले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवले. तेव्हापासून या गाडीला देशभक्तीचीही झळाळी आली. पण सामान्य माणसासाठी ती अजून ‘त्यांची’ गाडी होती, आपली नव्हती.

९/
ती आपली झाली डिझेलमुळे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलवर जीप चालवणे सरकारी तिजोरीलाच परवडण्याजोगे राहिले. महिंद्राने जीपमध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर घराण्याचे डिझेल इंजिन बसवले. याच घराण्याशी भागीदारी करून कंपनी ट्रॅक्टरही बनवत होती. पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने डिझेल इंजिने बनू लागली. अमेरिकन सांगाडा, फ्रेंच इंजिन आणि देशी पत्रा, असा हा संसार जमला. ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती त्यांनी गॅरेजात जाऊन तिचे इंजिन बदलून घेतले.

१०/
आता नकाशा उघडावा. नाशिक सोडून त्र्यंबक रस्त्याला लागले की पहिली औद्योगिक वसाहत सातपूरची, आणि तिथे महिंद्राचा वाहन कारखाना. त्र्यंबकहून दक्षिणेकडे घोटीमार्गे निघाले की पुढे इगतपुरी, आणि तिथे महिंद्राचा इंजिन कारखाना. सांगाडा एका अंगाला, इंजिन दुसऱ्या अंगाला आणि मधोमध ब्रह्मगिरी. देशभर धावणाऱ्या कित्येक गाड्यांचा जन्म या त्रिकोणात झाला आहे. गोदावरीचे उगमस्थान म्हणून ज्या गावाची ओळख, त्याच्या पायथ्याच्या रस्त्याला असे दुसरेही उगम लाभले आहेत.

११/
सातपूरच्या या कारखान्याने परदेशी पाहुणेही पाहिले. १९९६ साली फोर्ड आली आणि महिंद्राच्या भागीदारीत एस्कॉर्ट ही मोटार नाशिकला जोडली जाऊ लागली. ज्या फोर्डने जीपला तिचा चेहरा दिला, ती पन्नास वर्षांनी जीपच्या भारतीय घरी आली, पण जीप सोडून भलतीच गाडी घेऊन. काही वर्षांत तिने चेन्नईजवळ स्वतंत्र बिऱ्हाड केले. २००७ साली रेनोची लोगन आली. ती भागीदारी २०१० साली मोडली आणि गाडी ‘व्हेरिटो’ नावाने काही काळ तग धरून राहिली. दोन्ही मोटारी सुबक होत्या. आज त्यांच्यासाठी कोणी टपरीवर वाद घालत नाही.

१२/
कारण वाद ज्या गाडीवर होतो, तिच्याशी लोकांचे जगणे जोडलेले असते. त्र्यंबकहून हरसूल, मोखाडा, जव्हार या आदिवासी पट्ट्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर एसटीची फेरी चुकली की उरे ती जीप. मार्शल, कमांडर आणि त्यांच्या जोडीला दुसऱ्या कंपनीची ट्रॅक्स. समोरासमोर दोन बाके, मागच्या फळीवर लटकलेली दोन-चार माणसे, टपावर भाताची पोती आणि कोंबड्यांची खुराडी. बाजाराला जाणारी बाई, शाळेत जाणारी मुलगी, नाशिकच्या सरकारी दवाखान्यात न्यायचा रुग्ण आणि श्रावणी सोमवारचे भाविक, सगळे त्याच बाकावर. यांपैकी कोणाच्या तोंडी गाडीचे मॉडेल नव्हते. त्यांच्यासाठी ती नुसती ‘जीप’ होती.

१३/
या प्रवासाचा इतिहास लिहिणे अवघड आहे, कारण तो बहुतांशी बेकायदा होता. महाराष्ट्रात टप्प्याटप्प्यावर प्रवासी घेण्याचा हक्क एसटीकडे राहिला. खासगी जीपला ठरावीक प्रवासी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यापुरता परवाना मिळे. रस्त्यात हात दाखवील त्याला घेणे म्हणजे ‘अवैध प्रवासी वाहतूक’. म्हणून तिकीट नाही, वेळापत्रक नाही, प्रवाशांची नोंदवही नाही. कागद सापडला तर दंडाच्या पावतीत किंवा अपघाताच्या पंचनाम्यात. एका मोठ्या प्रदेशाला दवाखान्याशी, शाळेशी आणि बाजाराशी जोडणारी ही व्यवस्था दफ्तरात फक्त गुन्हा म्हणून शिल्लक आहे.

१४/
मग पुरावा उरतो कुठे? गाडीच्या अंगावर. मिस्त्रीने मागचा सांगाडा कापून लांबवला, कॅनव्हास काढून पत्र्याचे टप चढवले, पाटे वाढवले, मागे पायरी वेल्ड केली, पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे बसवले. प्रत्येक बदलामागे कारण आहे. पायरी म्हाताऱ्यांसाठी, जादा पाटे पोत्यांसाठी, पत्र्याचे टप जूनपासून कोसळणाऱ्या पावसासाठी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जसा ताम्रपट, तसा हा वेल्डिंगचा जोड वाचता येतो. फरक इतकाच की ताम्रपट पुसायला कोणी मजुरी देत नाही.

१५/
जुन्या जीपचे जे पुनरुज्जीवन आज केले जाते, त्यात नेमके हेच पुसले जाते. भंगारातून गाडी मिळवायची, टप फेकायचे, पायरी कापायची, डिझेल इंजिन विकून टाकायचे आणि जुने पेट्रोल इंजिन शोधून बसवायचे. मग हिरवा लष्करी रंग, बॉनेटवर पांढरा तारा. अनेकदा जी गाडी कधीच लष्करात नव्हती, जिने तीस वर्षे हरसूलचा बाजार केला, ती युद्धाच्या पोशाखात उभी राहते. कष्ट, पैसा आणि प्रेम, तिन्ही त्यात खरे असतात. पण ज्या इतिहासासाठी हे सारे करायचे, त्यातली चार-पाच दशके त्या प्रेमातच गळून पडतात.

१६/
कायद्याचा कौलही त्याच बाजूने आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात जपलेली हवी आणि तिच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. नियमित किंवा व्यावसायिक वापराला मनाई. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असे स्पष्ट केले. सुरक्षिततेच्या दृष्टीने दोन्हींमागे तर्क आहे. परिणाम मात्र असा की, गॅरेजात न्हालेली जीप वारसा ठरते आणि राबलेली जीप भंगार.

१७/
‘मूळ रूप’ हा शब्द समुद्रापलीकडेही महिंद्राला भोवला. २०१८ साली कंपनीने अमेरिकेत रॉक्सर ही शेतावर आणि रानात चालवायची गाडी आणली, अर्थातच जुन्या जीपच्या वळणाची. जीप नावाच्या तत्कालीन मालकांनी तक्रार केली आणि जून २०२० मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने तिच्या रूपावर बंदी घातली. डिसेंबर २०२० मध्ये चेहरा बदललेल्या रॉक्सरला परवानगी मिळाली. ज्या परवान्याने दशकानुदशके ही गाडी भारतात बनली, त्याची नाळ थेट विलीजपर्यंत पोहोचते. पण बाजारात नाळेपेक्षा नावाची नोंदणी मोठी ठरली.

१८/
आता नव्या गाड्यांकडे. २००० साली आलेली बोलेरो आर्माडाच्या वंशातली. २००२ च्या जूनमध्ये आलेल्या स्कॉर्पिओने महिंद्राला शहरात मान मिळवून दिला. जनरल मोटर्स सोडून १९९३ साली महिंद्रात आलेले पवन गोयंका यांचा त्यात मोठा वाटा. २०१० साली पहिली थार आली ती जुन्या जीपचाच चेहरा घेऊन. २०१९ साली शेवटच्या ७०० गाड्या काढून ती थांबली. २०२० च्या २ ऑक्टोबरला पूर्ण नवी थार बाजारात आली. तिच्या पहिल्या गाडीचा लिलाव मदतनिधीसाठी झाला आणि बोली १ कोटी ११ लाख रुपयांवर गेली. २०२४ मध्ये पाच दरवाजांची रॉक्स आली. या थार नाशिकलाच तयार होतात.

१९/
जुन्यांचा आक्षेप असा की नवी थार श्रीमंताची हौस आहे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुनी जीप पान्हा, हातोडी आणि तार यांवर रस्त्याकडेला दुरुस्त होई. नव्या गाडीला संगणक जोडल्याशिवाय दोष कळत नाही. त्र्यंबकच्या पुढे जिथे पहिले अधिकृत दुरुस्ती केंद्र कित्येक किलोमीटरवर आहे, तिथे हा फरक फार मोठा. पण नव्यांचेही एक म्हणणे खरे आहे. एअरबॅग आणि भरवशाचे ब्रेक हे चोचले नव्हेत. त्या जुन्या बाकांवरून किती माणसे घाटात गेली आणि घरी परतली नाहीत, याची आठवण ठेवणाऱ्याला ‘साध्या’ गाडीचे गोडवे गाताना जपून बोलावे लागते.

२०/
या वादाला त्र्यंबकेश्वर हे गाव स्वतःच एक उत्तर देते. आज दिसणारे काळ्या पाषाणाचे मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या आज्ञेने बांधले गेले. काम १७५५ साली सुरू झाले आणि १७८६ साली, म्हणजे नानासाहेबांच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी, पुरे झाले. त्याआधी तिथे जुने मंदिर होते. तरी आजच्या मंदिराला कोणी नक्कल म्हणत नाही. मराठीत त्यासाठी शब्द आहे: जीर्णोद्धार. जीर्णोद्धारात जुन्या रूपाची प्रतिकृती करण्याचा आग्रह नसतो. पूजा अखंड चालावी हा आग्रह असतो. देऊळ तेच राहते, कारण तिथे जाणारी पावले तीच राहतात.

२१/
जीपलाही हीच कसोटी लावून पाहावी. जाळीच्या फटी मोजून वंश ठरत नाही, कारण त्या फटी मुळातच उसन्या होत्या. नावावरून ठरत नाही, कारण नाव अनेकदा विकले गेले. इंजिनावरून तर नाहीच. मग उरते ते काम. जिथे रस्ता संपतो तिथून पुढे माणसाला नेणारी, आणि जिथे बिघडली तिथेच सुधारता येणारी गाडी ती जीप. या हिशेबाने माझगावची विलीज, सरकारची हाय बॉनेट, हरसूलची मार्शल आणि गावोगाव दूध, भाजी व आजारी माणसे वाहणारी बोलेरो यांचा वंश अखंड आहे. थार त्या वंशात बसेल की नाही, हे तिच्या किमतीवरून आज ठरणार नाही. वीस वर्षांनी ती कोणाच्या हातात असेल आणि कोणाला कुठे नेत असेल, त्यावर ठरेल.

२२/
शौकिनांवर हा ठपका नव्हे. त्यांनी भंगारातून वाचवल्या नसत्या तर आज तुलनेला एकही जुनी गाडी उरली नसती. सुट्या भागांचे क्रमांक, चासीवरची अक्षरे, कारखान्यातील बदलांची वर्षे, हे ज्ञान त्यांनी स्वखर्चाने गोळा केले आहे. सरकारी संग्रहालयांनी ते केलेले नाही. अपेक्षा इतकीच की टप कापण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, ती पायरी कोणत्या मिस्त्रीने जोडली ते विचारून लिहून ठेवावे, आणि गाडी कोणत्या फाट्यावर उभी राहत असे याची नोंद करावी. अर्ध्या तासाचे काम आहे.

२३/
कारण ते सांगू शकणारी माणसे आता साठी-सत्तरीत आहेत. इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखणारे मिस्त्री गॅरेज बंद करत आहेत. त्यांची मुले सातपूरच्या कारखान्यांत किंवा मुंबईत नोकरीला आहेत. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी त्र्यंबकचे रस्ते रुंद होत आहेत. रुंद रस्त्यावर पहिली गदा येते ती कडेच्या टपरीवर आणि गॅरेजवर. पेशव्यांचे दप्तर जपले गेले म्हणून मंदिराच्या काळाविषयी काही बोलता येते. या रस्त्यावरच्या जीपचे दप्तर कोणी ठेवलेले नाही.

२४/
ज्यांच्या घरी जुन्या जीपचे आरसी पुस्तक, परवाना, दंडाची पावती किंवा टपावर बसून काढलेला लग्नाच्या वऱ्हाडाचा फोटो असेल, त्यांनी तो रद्दीत घालू नये. मागच्या बाजूला साल, गाव आणि चालकाचे नाव लिहून ठेवावे. खरी जीप कोणती, या वादाचा निकाल लागला नाही तरी चालेल. तो वाद घालायला लागणारा पुरावा मात्र शिल्लक राहिला पाहिजे.

(थ्रेड समाप्त)